भाताच्या बादलीतली वीज: खरी किती, फसवी किती

लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची पट्टी खुपसली की मीटर हलतो, पण ती वीज जस्त झिजल्याची असते. खोडात खिळे ठोकण्यातही तीच गत, वर रोपाला जखम.

भाताच्या बादलीत मात्र वेगळं घडतं: भाताची मुळं चिखलात साखर, आम्लं पाझरतात. जिओबॅक्टरसारखे जिवाणू त्यावर जगतात आणि हवा नसली की इलेक्ट्रॉन जवळच्या कार्बनला देतात. आपण एवढंच गोळा करायचं. रोपाला हात लागत नाही.

10 लिटरची प्लॅस्टिक बादली, खाचरातला चिखल, 10 × 10 सेंमीचे कार्बन फेल्टचे (कार्बनच्या तंतूंच्या जाड कापडाचे) दोन तुकडे. एक चिखलात 5 ते 8 सेंमी खोल आडवा, त्यावर भाताची एक चूड. दुसरा पाण्यावर तरंगता, वरची बाजू हवेत. पाणी 3-4 सेंमी कायम हवं. तार टायटॅनियमची, नाहीतर 316 स्टेनलेसची, फेल्टमध्ये शिवून घ्या. तांबं चिखलात नकोच: ते गंजून खोटा व्होल्टेज दाखवतं आणि जिवाणूही मारतं.

पहिल्या दिवसापासून दोन्ही तारांमध्ये 1000 ओहमचा रेझिस्टर जोडून ठेवा. आकडा स्थिरावायला दोन-तीन आठवडे लागतात. नुसत्या मीटरवरचा अर्धा-पाऊण व्होल्ट बघून हुरळू नका, रेझिस्टरवर 0.2 व्होल्ट म्हणजे 40 मायक्रोवॅट, आणि ते ठीकच आहे. जपानमध्ये 2008 साली प्रत्यक्ष खाचरात चौरस मीटरला जेमतेम 6 मिलिवॅट मिळाले होते. बादलीची 40 मायक्रोवॅटची तासाभराची कमाई साठवली तर, निम्मी गळती धरून, एलईडी मंद पेटवेल पंधरा-वीस सेकंद.

बिनरोपाची दुसरी बादली हवीच, कारण नुसता चिखलही थोडी वीज देतो. रोपाचं श्रेय म्हणजे दोन्हींतला फरक.

आकडा पडला तर आधी पाणी बघा. चिखलातला फेल्ट उघडा पडला की ऑक्सिजन शिरतो आणि इलेक्ट्रॉन वाटेतच संपतात. नायट्रेट खतानंही तेच होतं. वरच्या फेल्टवर शेवाळ धरतं, मऊ ब्रशनं काढा.

व्होल्टेज वाढवायला एकाच बादलीत फेल्टच्या दोन जोड्या सिरीजमध्ये (एकामागे एक) लावू नका, चिखल त्यांना आतून जोडतो. वेगळ्या बादल्या लावल्या तरी कमजोर बादलीचे धन-ऋण उलटे होऊ शकतात. त्यापेक्षा बीक्यू25570 या चिपचं, व्होल्टेज चढवणारं बूस्टर सर्किट बरं: ते 100 मिलिव्होल्टवर चालतं, मात्र मुळात सुरू व्हायला 600 मागतं. म्हणून वीज साठवणारा सुपरकॅपॅसिटर आधी 3 व्होल्टला भरून मगच जोडा.