शरणपूर ते फ्रिअरटाउन : नाशिकच्या आफ्रिकी मुलांच्या मागावर

नाशिकमध्ये शरणपूर रोड माहीत नसलेला माणूस सापडणे कठीण. कॅनडा कॉर्नरच्या दोन्ही अंगांना दुकाने, दवाखाने आणि क्लासेस यांची इतकी दाटी आहे की हा भाग कधीकाळी गावाबाहेर होता, हे सांगूनही पटत नाही. या रस्त्याला ज्या शरणपुराचे नाव मिळाले, ती 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने वसवलेली ख्रिस्ती वस्ती होती. शाळा, कार्यशाळा, प्रार्थनामंदिर आणि काही घरे असा तिचा पसारा होता. तिथे मराठी धर्मांतरित कुटुंबांच्या शेजारी पूर्व आफ्रिकेतून आलेली मुले-मुली राहत, सुतारकाम आणि लोहारकाम शिकत, इंग्रजी पुस्तके वाचत. नाशिकला वाढूनही मला हे शाळेत कुणी शिकवले नव्हते. पुढे आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक-प्रवासी लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या रोजनिशीत ‘नासिकची मुले’ असा उल्लेख पुन्हा पुन्हा भेटला, तेव्हा शरणपुरात नीट हिंडून यावे असे ठरवले.

सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात मी सकाळी गेले. तिथल्या वयस्कर रखवालदाराने ‘ताई, कुणाची कबर शोधताय का?’ असे विचारले. आफ्रिकेतल्या मुलांबद्दल विचारल्यावर तो जरा थबकला आणि ‘ते लई जुनं’ एवढेच म्हणाला. आवार स्वच्छ आणि झाडांनी भरलेले आहे. पुढची सगळी गोष्ट नजरेपुढे आणायला तिथली घटकाभराची शांतता पुरेशी झाली.

ही मुले नाशिकला पोहोचली कशी, हा पहिला प्रश्न. एकोणिसाव्या शतकात झांझिबार आणि किलवा या बंदरांतून गुलामांनी भरलेली गलबते अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे जात. ब्रिटिश गस्ती जहाजे त्यांतली काही समुद्रात अडवत, पण सोडवलेल्या माणसांना परत कुठे पाठवायचे हे ठरत नसे. किनाऱ्यावर उतरवले तर तोच व्यापारी त्यांना पुन्हा पकडणार आणि त्यांची मूळ गावे तर शेकडो मैल आत, कित्येकदा जळून गेलेली. म्हणून त्यांना एडन, मॉरिशस, सेशेल्स किंवा मुंबई अशा ब्रिटिशांच्या ताब्यातील बंदरांवर नेले जाई. मुंबईत उतरलेल्यांपैकी मोठी माणसे बहुधा गोदीत किंवा आगबोटींच्या भट्टीवर कामाला लागत आणि मुलांची सोपवणी मिशनांकडे होई. शरणपूरची ‘आफ्रिकी आश्रयशाळा’ 1860 च्या सुमारास उभी राहिली ती या गरजेतून. मुलांना नवी नावे मिळाली, त्यांत त्यांना शिकवणाऱ्या मिशनऱ्यांची आडनावेही होती. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग अशा नावांमागे याओ किंवा दुसऱ्या एखाद्या जमातीतले घर लपलेले आहे, हे वाचणाऱ्याला आपोआप कळत नाही. मॅथ्यू वेलिंग्टनचे मूळ नाव चेंगविम्बे होते, हे निदान नोंदले गेले. बहुतेकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

1865 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेची तयारी करण्यासाठी मुंबई इलाख्यात आला. त्याला आफ्रिकी भाषा येणारी आणि युरोपीय शिस्तीत वाढलेली माणसे हवी होती. तो नाशिकला आला आणि शरणपूरच्या नऊ मुलांनी त्याच्याबरोबर जाण्याची तयारी दाखवली. जानेवारी 1866 मध्ये ‘थूल’ या आगबोटीने तो झांझिबारला निघाला तेव्हा या नऊ जणांशिवाय मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई त्याच्यासोबत होते. हिंदुस्थानातून नेलेले उंट आणि म्हशीही होत्या, कारण त्सेत्से माशीच्या चाव्यापुढे ही जनावरे टिकतात का हे त्याला पाहायचे होते. जनावरे टिकली नाहीत आणि शिपाईही लवकरच परत पाठवावे लागले. नाशिकच्या मुलांबद्दल लिव्हिंगस्टनने भरपूर कुरकुर केली आहे. ती वाचताना माझ्या मनात येत राहिले की ज्या वाटांवरून लहानपणी साखळदंडात ओढून नेले गेले, त्याच वाटांवर पाठीवर ओझे घेऊन परतणाऱ्या विशीतल्या पोरांकडून कसल्या उत्साहाची अपेक्षा करायची? आयझेनबर्ग पहिल्याच वर्षी वाटेत वारला, काही जण सोडून गेले आणि मोजके शेवटपर्यंत राहिले.

1872 मध्ये, लिव्हिंगस्टनला शोधून काढणारा पत्रकार स्टॅनली याने पाठवलेल्या मदतीच्या तुकडीतून शरणपूरचे आणखी काही तरुण त्याला येऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार होते. 1873 च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला तेव्हा जवळ एकही युरोपीय माणूस नव्हता. पुढे काय करायचे हे त्या साठ-सत्तर आफ्रिकी सोबत्यांनी ठरवले. त्यांचे पुढारीपण सुसी आणि चुमा यांच्याकडे होते. सुसी मुंबईच्या गोदीत काम केलेला आणि चुमा मुंबईत डॉ. विल्सन यांच्या मिशनशाळेत शिकलेला. शवाचे अंतर्भाग काढून, आत मीठ भरून ते उन्हात वाळवण्याचे काम झाले, त्यात हात घालणाऱ्यांपैकी एक कॅरस फरार. काळीज आणि इतर अवयव एका मोठ्या झाडाखाली पुरले, तेव्हा प्रार्थनापुस्तकातला अंत्यविधी वाचला तो जेकबने आणि त्या झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. मृताच्या सामानाची यादी करून ठेवायचे भानही त्याला होते.

मग सुरू झाली दोन हजार किलोमीटरहून लांब अशी पायपीट. ताबोराजवळ त्यांना कॅमेरून या इंग्रज अधिकाऱ्याची तुकडी भेटली. शव इथेच पुरून टाका, असे त्याने सुचवले, पण या लोकांनी ते ऐकले नाही. पुढे एका गावात प्रेत नेण्यास विरोध होऊ लागला तेव्हा त्यांनी शव कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधले आणि एक खोटे गाठोडे परत पाठवल्याचे सोंग केले. वाटेत आपलीच माणसे दगावत असताना ते चालत राहिले आणि फेब्रुवारी 1874 मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. तिथे इंग्रजांनी शव ताब्यात घेतले आणि बहुतेकांना मजुरी देऊन वाटेला लावले. मिशनने प्रवासखर्च उचलला म्हणून एकटा जेकब जहाजाने इंग्लंडला गेला आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत उभा राहिला. सुसी आणि चुमा अंत्यविधी उरकल्यानंतर पोहोचले.

लंडनला गेले असताना मी ॲबीतली लिव्हिंगस्टनच्या कबरीवरची शिळा पाहिली आहे. विश्वासू हातांनी भूमीवरून आणि समुद्रावरून आणलेला डेव्हिड लिव्हिंगस्टन येथे विसावला आहे, असा तिचा आरंभ आहे. हातांचा उल्लेख आहे, नावे नाहीत. त्या शिळेपुढे उभे असताना मला शरणपूरची कार्यशाळा आठवली नसती तरच नवल. पुढे लिव्हिंगस्टनची रोजनिशी संपादित झाली तेव्हा सुसी आणि चुमा यांना विचारून तपशील भरण्यात आले, पण स्वतः दैनंदिनी लिहिणाऱ्या जेकबला फारसे कुणी विचारले नाही. तो गर्विष्ठ आहे, असा शेरा त्याच्यावर मारला गेला. सेवक म्हणून निष्ठावान असलेला आफ्रिकी माणूस तेव्हाच्या लंडनला आवडे आणि स्वतःचे मत लिहून ठेवणारा सलत असे, एवढाच अर्थ मी त्यातून काढते. जेकब आफ्रिकेत परतला आणि 1892 मध्ये आजच्या टांझानियातील उरांबो येथे वारला.

केनियाला जाण्याचा योग आला तेव्हा सिंह-हत्ती बघायचे सोडून मी मोम्बासाला गेले, याचे माझ्या नातेवाइकांना अजून आश्चर्य वाटते. मोम्बासा हे बेट आहे. न्याली पूल ओलांडून मुख्य भूमीवर आले की थोड्याच अंतरावर फ्रिअरटाउन लागते. मुंबईचा माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर 1873 मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी गुलामबंदीचा तह घडवून आणण्यासाठी इकडे आला होता. सोडवलेल्या गुलामांसाठी याच किनाऱ्यावर वस्ती करावी, ही त्याचीच शिफारस. ती वस्ती उभारायला 1874 मध्ये मिशनने शरणपूरचा प्राइस पाठवला आणि नाशिकची आश्रयशाळा मिटवून तिथली आफ्रिकी माणसे इकडे आणली. त्यांना मोम्बासात ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. रहदारीच्या चौकाजवळ घंटेचा जुना मनोरा उभा आहे आणि त्यावरून त्या भागाला केंगेलेनी म्हणतात (स्वाहिलीत ‘केंगेले’ म्हणजे घंटा). गुलाम पकडणारे चालून आले की ही घंटा वाजवून वस्तीला सावध करीत, असे तिथे सांगतात. मी गेले तेव्हा मिनीबसगाड्यांच्या भोंग्यांपुढे कुठलीच घंटा ऐकू आली नसती.

फ्रिअरटाउनचा इतिहास सगळा गोड नाही. 1880 च्या सुमारास वस्तीच्या गोऱ्या अधीक्षकाने फटक्यांच्या शिक्षा इतक्या वाढवल्या की सरकारी चौकशी होऊन त्याला दूर करावे लागले. नाशिकहून शिकून आलेले लोक शिक्षक, कारागीर आणि दुभाषे म्हणून ही वस्ती चालवत होते. पण अधिकार आणि पगार यांत त्यांना खालच्या पायरीवरच ठेवले जाई. अशा माणसांतच मॅथ्यू वेलिंग्टन होता. लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या प्रवासातल्या या साक्षीदाराने मोम्बासाची रेल्वे, ब्रिटिश वसाहत आणि पहिले महायुद्ध हे सगळे पाहिले आणि 1935 मध्ये तो वारला.

मोम्बासाहून नैरोबीच्या महामार्गाने निघून माझेरासजवळ आत वळले की राबाईची टेकडी येते. जर्मन मिशनरी क्राफ आणि रेबमान यांनी 1840 च्या दशकात इथे ठाणे दिले. नारळीची झाडे, लाल माती, क्राफ-रेबमान यांची छोटी घरे आणि जुन्या प्रार्थनागृहातले संग्रहालय असे तिथले दृश्य कोकणच्या माणसाला ओळखीचे वाटेल. संग्रहालयातला तरुण मार्गदर्शक क्राफबद्दल भरभरून बोलत होता. मला मात्र विल्यम जोन्सबद्दल ऐकायचे होते. नाशिकला शिकलेले जोन्स, इश्मेल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड 1864 मध्येच, म्हणजे फ्रिअरटाउनच्या दहा वर्षे आधी, राबाईला आले होते. 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टनने जोन्स आणि सेम्लर यांना पाद्रीपदाची दीक्षा दिली आणि त्याच वर्षी जोन्सला बरोबर घेऊन तो युगांडाकडे निघाला. बरीचशी माणसे जोन्सच्या हवाली करून बिशप पुढे गेला आणि बुसोगात मारला गेला. उरलेला तांडा सांभाळत जोन्स फेब्रुवारी 1886 मध्ये राबाईला परतला.

त्याचे खरे काम त्यानंतरचे आहे. किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळालेले गुलाम राबाईला येत आणि जोन्स त्यांना जमीन व आसरा देत असे. पळालेल्यांना ठेवून घेणार नाही, असे वचन मिशनने मालकांना दिलेले होते, त्यामुळे हे सगळे वरिष्ठांच्या आज्ञेविरुद्ध चालले होते. 1888 मध्ये मालकांनी गवगवा केला. तेव्हा पुन्हा मोम्बासाला आलेल्या प्राइसला आढळले की आपल्या शरणपूरच्या विद्यार्थ्याच्या आणि आसपासच्या ठाण्यांच्या आश्रयाला असे शेकड्यांनी लोक आहेत. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझीने मालकांना भरपाई मोजली आणि 1 जानेवारी 1889 रोजी राबाईत सुमारे 1400 जणांना मुक्ततेचे दाखले दिले. श्रेय कंपनीला मिळाले. पण आज्ञा मोडून त्या लोकांना आधी थारा दिला नसता तर दाखले द्यायला राबाईत कुणी उरलेच नसते, असे मी त्या मार्गदर्शकाला म्हणाले. तो हसला आणि मला चर्चच्या मागच्या जुन्या कबरी दाखवायला घेऊन गेला.