स्वागंतम्

"स्वा... गं... तम्." काकूंनी चष्मा नीट करून पाटी वरून खाली वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "अरे, ग वर अनुस्वार कुणी दिला?"

कुणीच दिला नव्हता. पण ग च्या शिरोरेषेच्या वर, अगदी मध्यावर, हरभऱ्याएवढा पिवळट-तपकिरी ठिपका होता. रात्री वर्कशॉप बंद केलं तेव्हा तो नव्हता. माझ्या पोटात गोळाच आला.

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार. सोमवारी वसुबारस. काकू लेकीबरोबर पाटी न्यायला आल्या होत्या.

मी न्यू जर्सीत लाकूडकामाच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करतो. एरवी शेल्फं, टेबलं, कुणाची मोडकी खुर्ची असं काहीबाही चालू असतं. सप्टेंबर लागला की मात्र पोर्चच्या पाट्या. पोर्च म्हणजे आपली पडवीच, पण इथे तिच्यात बसण्यापेक्षा ती सजवण्याची हौस जास्त. पाच फूट उंचीची फळी दाराशेजारी टेकवून ठेवायची, तिच्यावर एकाखाली एक अक्षरं. ऑक्टोबरात भोपळे आणि पिवळी-लाल पानं, आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग झालं की दुसऱ्या दिवशी त्याच जागी नाताळ. म्हणून बरेच लोक फळीच्या दोन्ही बाजू रंगवून घेतात. एक ऋतू पुढे, दुसरा भिंतीकडे तोंड करून.

काकूंच्या लेकीला, म्हणजे ताईंना, एका बाजूला इंग्रजीत 'वेलकम' हवं होतं, ओ च्या जागी भोपळा. दुसऱ्या बाजूला मराठीत 'सुस्वागतम्'. कारण त्या वर्षी हॅलोविन आणि लक्ष्मीपूजन एकाच संध्याकाळी आले होते. भारतात ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर यावर घोळ चालला होता, इथल्या घड्याळाने मात्र प्रदोषकाळची अमावास्या ३१ लाच होती. पोरं भोपळ्याच्या बादल्या घेऊन चॉकलेट मागायला येणार आणि त्याच वेळी आत पूजा.

फळी पाइनची, 'वन बाय टेन', म्हणजे एक इंच जाड आणि दहा इंच रुंद. नाव तसं असलं तरी टेप लावला की ती पाऊण इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद भरते. नावातलं माप रंधून गुळगुळीत करण्याच्या आधीचं. नवीन होतो तेव्हा लाकूडवाल्याने आपल्याला फसवलं, असं मी मालकांना गंभीरपणे सांगायला गेलो होतो.

मराठी बाजूची स्टेन्सिल मालकांनी हौसेने स्वतः कापायला घेतली. विनाइल कापायच्या मशीनला त्यांनी शब्द दिला आणि सांगितलं, इंग्रजीसारखा उभा कर. इंग्रजीत ते बरोबरच आहे, सात अक्षरांचे सात तुकडे. पण आमच्या सॉफ्टवेअरला अक्षर म्हणजे काय ते कुठे ठाऊक? त्याने सुस्वागतम् चे दहा तुकडे केले. स. त्याखाली एकटा उकार. मग परत स, मग नुसती पाय मोडण्याची तिरकी रेघ, मग व, मग एकटा काना, असं खालपर्यंत. आणि जिथे जिथे काना, उकार किंवा पायमोड एकटी पडली, तिथे तिथे मशीनने तिला टेकायला ठिपक्यांचं गोल कडं दिलं. मी पोचलो तेव्हा मालक भिंग लावून चिमट्याने त्या कड्यातला एकेक ठिपका उचलत होते. अर्धा तास तेच करत होते. "तुमच्या लिपीतली ही नक्षी फार सुंदर आहे," म्हणाले.

त्यांना समजावणं सोपं नव्हतं. काना हे अक्षर नाही, उकारही नाही, पण त्यांच्यावाचून अक्षरही पुरं नाही. शेवटी कागदावर 'स्वा' लिहून त्याभोवती चौकट काढली आणि म्हटलं, ही एक वीट. फोडायची नाही. मालक पूर्वी गवंडीकाम करायचे. लगेच समजलं.

कच्चा आराखडा ताईंना पाठवला तर फोन काकूंनी घेतला. सांगलीकडच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाई. "सु कशाला दोनदा? सु अधिक आगत म्हणजेच स्वागत. त्यात सु आहेच. पहिला काढ." काढला. राहिल्या चार विटा: स्वा, ग, त आणि पायमोडका म. इंग्रजीतल्या डब्ल्यूसारखा इथे 'स्वा' आडमुठा निघाला, सव्वानऊ इंचांत तो मावेल तेवढाच बाकीच्यांचा आकार. ग आणि त ताणून रुंद करता आले असते, पण ताणलेलं देवनागरी अक्षर मला बघवत नाही. त्याऐवजी दोन अक्षरांमधली जागा वाढवली. भरपूर पांढरं सोडलं.

त्या पांढऱ्यातच गाठ होती.

चूक माझीच. पाइनच्या गाठीत राळ असते. ऊब मिळाली की ती पाझरते आणि वरच्या पांढऱ्या रंगातून डाग बाहेर येतो. तो अडवायला गाठीवर लाखेचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, द्यायचा असतो. डबा रिकामा होता, दुकान वीस मिनिटांवर, म्हणून मी पाण्यातला प्रायमर मारून मोकळा झालो. वर आणखी शहाणपणा म्हणजे शुक्रवारी फळी दिवसभर उन्हात ठेवली. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नाही, ऊन कडक होतं. राळेला आणखी काय हवं?

मालकांना मी डाग दाखवला. ते लांबून बघून म्हणाले, "एवढासा तर आहे. लाकडाचं अंगचं आहे, लोकांना आवडतं." खरंही होतं. भोपळ्याच्या बाजूला अशी गाठ असती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण इथे तो डाग नव्हता, अनुस्वार होता. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी एकदा ठिपक्याकडे आणि एकदा भिंतीवर टेकवलेल्या त्या जुन्या स्टेन्सिलकडे पाहिलं. आधी नक्षी वाटलेले ठिपके मी बाद करायला लावले होते, आणि आज खरोखरचा डाग मी वाचत होतो.

काकूंना चहा दिला आणि मी डबा आणायला गेलो.

ठिपका आणि भोवतालचं घासून काढलं, प्रायमर लावला, पाऊण तास थांबून दुसरा हात. स्पिरिटचा तो वास थेट आमच्या गावच्या फर्निचर पॉलिशवाल्याचा. तो चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायचा आणि कापडाच्या बोळ्याने लावायचा. इथल्या डब्यात ती पांढऱ्या रंगात घोटलेली, एवढाच फरक. काकूंनी दुरूनच वास ओळखला. "लाख ना रे?"

नुसता ठिपका रंगवला असता तर उजेडात ठिगळ दिसलं असतं, म्हणून स्वा च्या तळापासून ग च्या शिरोरेषेपर्यंतचं सगळं पांढरं नव्याने दिलं. शिरोरेषेच्या कडेने बारीक कुंचला चालवताना काकू मागे उभ्या. वर्गात वहीवर वाकून उभ्या राहतात तशा. हात थरथरला असता तर मला नवल वाटलं नसतं.

दुपारी तीनला पाटी गाडीत चढली. जाताना काकूंनी पुन्हा एकदा वाचली, या वेळी मोठ्याने नाही.

मालकांनी ती दहा तुकड्यांची स्टेन्सिल फेकली नाही. कॉफीच्या मशीनवर चिकटवली आहे, कड्यांसकट. आमच्याकडे येणारा मराठी माणूस तिच्यासमोर थांबतो, ओठ हलवतो, आणि मग माझ्याकडे बघतो.