मेणाचा थर पातळच हवा

मृग लागण्याआधीचा एक रविवार मी दर वर्षी गाडीला वॅक्स करण्यासाठी राखून ठेवतो. पुण्यातील आमच्या सोसायटीत माझी गाडी जांभळाच्या झाडाखाली उभी असते. ती सावली मे महिन्यात हवीहवीशी वाटली, तरी जूनच्या तोंडावर पिकलेली जांभळे आणि ती खायला येणाऱ्या पाखरांची विष्ठा टपावर आणि बॉनेटवर पडू लागते. ती उन्हात तशीच वाळली, तर रंगावरच्या क्लिअर कोटवर कायमचा व्रण उठतो. हा पारदर्शक थर साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या बहुतेक केसांहूनही पातळ असतो, हे कळल्यापासून मी त्याला फार जपतो.

गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ आणि ‘वॅक्स’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण ही दोन्ही कामे एकमेकांच्या उलट आहेत. पॉलिशमधले बारीक कण क्लिअर कोट किंचित घासून ओरखडे कमी करतात; वॅक्स काहीही घासत नाही, ते वरून पांघरूण घालते. चांगल्या वॅक्समध्ये वापरले जाणारे कार्नोबा हे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडाच्या पानांवरून मिळते. तिथल्या कोरड्या हवेत पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड स्वतःच्या पानांवर हा थर चढवते. हे मेण मुळात इतके कठीण असते, की ते वितळायला ८० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते; त्यामुळे डबीतल्या वॅक्समध्ये ते हाताने पसरता यावे म्हणून तेले आणि उडून जाणारे द्रावक मिसळलेले असतात.

हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. पहिल्या वर्षी मी भर दुपारी, तापलेल्या पत्र्यावर, लोणी थापावे तसे वॅक्स संपूर्ण गाडीला एकदमच लावले आणि मग पुसायला घेतले. तोवर बॉनेटवरचे वॅक्स चिवट होऊन बसले होते. फडके सरकत नव्हते, जोर लावला की पट्टे उमटत होते, आणि संध्याकाळपर्यंत खांदे भरून आले. वॅक्स काढताना होणारा त्रास हा ते लावतानाच ठरलेला असतो, ही गोष्ट मी त्या दिवशी शिकलो.

आता मी पहाटे गाडी धुऊन लगेच कोरडी करतो, कारण आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचे थेंब वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात. त्यानंतर पत्रा हाताला गार लागतो आहे, याची खात्री करून मऊ स्पंजवर बोटाच्या पेराएवढेच वॅक्स घेतो आणि एका वेळी एकच भाग, म्हणजे एक दार किंवा अर्धे बॉनेट, हाती घेतो. थर इतका पातळ हवा, की तिरप्या उजेडात पाहिल्याशिवाय तो लावला आहे, हे कळूही नये. काही मिनिटांत द्रावक उडून जातात आणि आरशावर वाफ धरावी तसा धुरकटपणा दिसू लागतो. मग बोट एकदा हलकेच ओढून पाहायचे: मागे स्वच्छ चकचकीत रेघ उमटली तर पुसायला घ्यायचे, बोटाखाली ओशटपणा पसरला तर थांबायचे. बेताने लावलेले वॅक्स चार घड्या केलेल्या मायक्रोफायबरच्या फडक्याने, अजिबात न दाबता, निघून येते. फडके भरले की घडी उलटायची.

यंत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पॉलिशसाठी जाणत्या हातातले यंत्र हवेच, कारण तेवढे एकसारखे घासणे हाताला जमत नाही. वॅक्स लावायलाही ड्युअल ॲक्शन यंत्र, म्हणजे ज्याचे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता थोडे डोलतेही असे, अगदी कमी वेगावर आणि सर्वांत मऊ पॅड लावून, चालते. टप आणि बॉनेट यांसारख्या मोठ्या सपाट भागांवर ते हातापेक्षाही पातळ थर देते. मात्र एकाच अक्षावर गरगरणारे रोटरी यंत्र या कामासाठी नको, कारण त्याने एका जागी उष्णता साठते. असेच यंत्र वापरणाऱ्या एका गॅरेजमधून माझ्या मित्राची काळी गाडी बॉनेटभर गोल वळ्यांचे ओरखडे घेऊन परतली होती. वॅक्स काढण्यासाठी तर मी कोणतेच यंत्र वापरत नाही. फिरत्या कापडात धुळीचा एखादा कण अडकला तर कळण्याआधीच तो हातभर रेघा ओढून मोकळा होतो. हाताखालच्या फडक्यातला तोच कण बोटांना जाणवतो आणि हात आपोआप थांबतो.

काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आधीच कागदी टेप चिकटवावी, कारण त्या खरबरीत पृष्ठभागात शिरलेले वॅक्स पांढरे पडते आणि मग जुन्या टूथब्रशने घासत बसावे लागते. जमिनीवर पडलेले फडके झटकून पुन्हा वापरू नये. माझ्याकडे म्हणून सहा फडकी आहेत. ती घरच्या कपड्यांत न मिसळता, कपडे मऊ करणारे द्रव न घालता, वेगळी धुतो आणि सावलीत वाळवून पुढच्या खेपेसाठी झाकणाच्या डब्यात भरून ठेवतो.