दवानी बाटली

मला बियरच्या रिकाम्या बाटल्या हव्या होत्या. बडोद्यात हे वाक्य मोठ्याने म्हणता येत नाही. दांडिया बाजारात तर हळूही म्हणता येत नाही, कारण तिथे हळू बोललेलं जास्त लांबवर ऐकू जातं.

भंगारवाल्याला मी आधी नुसतंच विचारलं, "भाई, बाटल्या आहेत?"

"शेनी, माशी?"

कशाची, हाच तर प्रश्न होता. म्हटलं, "ब्राउन काचेची. लांब मानेची." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बिचारा सज्जन माणूस. त्याने स्वतःच मला पळवाट काढून दिली. "दवानी?"

"हो, दवानी," मी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या औषधाच्या चाळीस बाटल्या त्याने दारात आणून ठेवल्या. बोटभर उंचीच्या, फिरकीच्या झाकणाच्या. साठ रुपये देऊन मी त्या घेतल्याही. आता एवढ्या खोकल्याचं काय करायचं, असं ह्यांनी विचारलं.

या सगळ्याची सुरुवात मिशिगनमध्ये झाली. मुलगा ॲन आर्बरला असतो. गेल्या वर्षी तीन महिने त्याच्याकडे राहिले, तेव्हा तळघरात तो बियर करतो हे कळलं. मला धक्का बसेल म्हणून त्याने पहिले चार दिवस तळघराचं दार लावून ठेवलं होतं. मी काय, वास ओळखला. इडलीचं पीठ जरा जास्त आंबलं की येतो त्याचाच तो थोरला भाऊ. अमेरिकेत १९७८ साली कायदा झाला आणि घरच्याघरी, स्वतःपुरती बियर करायला मोकळीक मिळाली. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन. ह्यांनी लगेच हिशेब केला: साडेसातशे लिटर, म्हणजे रोजचे दोन लिटर. आमच्याकडे एवढं दूध येत नाही.

मुलाचा एक घाणा पाच गॅलनचा, १९ लिटरचा. तो भरायला ३५५ मिलीच्या ५३ बाटल्या लागतात. नव्या बाटल्या मिळतात, पण महाग. म्हणून मग बाजारच्या बियरच्या बाटल्या जमवायच्या, धुवायच्या आणि त्यांत आपलं भरायचं. ऐकायला सोपं आहे. पहिल्या शनिवारी शेजाऱ्यांकडून आलेली दोन खोकी मी हौसेने धुवायला घेतली, तर तो म्हणाला, "आई, आधी निवडायला हव्यात." निवडायचं म्हटल्यावर मी पदर खोचला. आयुष्यभर तांदूळ निवडलेत.

बाटली निवडायची ती ओठावरून. तोंडाच्या कडेवरून बोट फिरवायचं. बोटाला आटे लागले तर ती बाजूला, कारण तिचं झाकण हाताने पिळून उघडायचं असतं आणि घरच्या यंत्राने दाबलेलं झाकण त्या आट्यांवर धड बसत नाही. बडवायझरच्या तिथल्या बाटल्या अशा. सॅम्युअल ॲडम्सच्या सरळ, जाड ओठाच्या, ओपनरने उघडायच्या. त्या ठेवायच्या. मग रंग. बियरला कडूपणा येतो तो हॉप्सच्या फुलांचा, आणि त्या कडूपणाचं उन्हाशी वाकडं आहे. उजेड लागला की त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बियरला स्कंक नावाच्या तिकडच्या प्राण्यासारखा वास मारतो. तपकिरी काच तो उजेड अडवते. हिरवी फारच थोडा अडवते, पांढरी जवळजवळ नाहीच. कोरोनाची बाटली पांढरी, आणि तिच्यावरची अक्षरं रंगवून भाजलेली, कितीही भिजवा, निघत नाहीत. मला आवडली होती ती, पण बाद. ग्रोल्शची मात्र हिरवी असूनही मुलाने जपून ठेवली होती. तिला झाकण नसतं, तारेच्या कडीला अडकवलेलं बूच असतं आणि त्याखाली रबराची चकती. आपल्या क्लिपवाल्या बरणीची ही लांब मानेची बहीण. या कडीचं पेटंट १८७५ चं आहे. रबर तेवढं बदलायचं, की बाटली पुन्हा तयार.

मिशिगनमध्ये रिकाम्या बाटलीला १० सेंट परत मिळतात. दुकानात एक यंत्र असतं, ते बाटली गिळतं आणि पावती देतं. म्हणजे शेजारी फुकट का देतील? मुलगा त्यांना दर बाटलीमागे १० सेंटच देतो, वर दुकानापर्यंतची त्यांची फेरी वाचवतो. एक म्हातारे गृहस्थ तर त्याच्यासाठी मुद्दाम सरळ ओठाची बियर घ्यायला लागले होते. याला मी शेजारधर्म म्हणते.

लेबलं काढण्यात मात्र माझं शिक्षण उलट दिशेने झालं. म्हणजे मी त्याला शिकवलं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बाटल्या रात्रभर बुडवायच्या, इथपर्यंत त्याला माहीत होतं. सकाळी बरीचशी लेबलं आपणहून सुटून पाण्यावर तरंगत असतात, जावळाच्या केसांसारखी. पण काही कंपन्यांचा डिंक चिवट. कागद निघतो आणि चिकटा राहतो. पोरगा ब्लेड घेऊन बसायचा. मी खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवलं आणि फडक्याने पुसून दाखवलं. स्टीलच्या नव्या डब्यावरचा स्टिकर आपण दुसरा कशाने काढतो? त्या दिवसापासून तळघरात माझा मान वाढला.

मग झाकणं. आपण ज्याला बिल्ला म्हणायचो आणि लहानपणी रस्त्यावर ठोकून चपटा करायचो, ते दातेरी झाकण बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने काढलं, १८९२ साली. सुरुवातीला त्याला २४ दाते होते, आता २१ असतात. खोटं वाटत असेल तर मोजा. मी मोजलेत, चहा गार होईस्तोवर. झाकण दाबायचं यंत्र म्हणजे दोन दांड्यांची भलीमोठी सांडशी. बाटलीच्या ओठावर झाकण ठेवायचं, यंत्र बसवायचं आणि दोन्ही दांडे खाली दाबायचे. कट् असा आवाज येतो. त्या आवाजाची चटक लागते, सांगून ठेवते.

झाकण लावण्याआधी लिटरमागे सहासात ग्रॅम साखर घालतात. राहिलेलं यीस्ट ती खातं, वायू सोडतं आणि बंद बाटलीत फेस तयार होतो. साखर जास्त झाली किंवा आधीचं आंबणं पुरतं संपलेलं नसलं, की बाटली फुटते. माझ्या मुक्कामात एक फुटली, रात्री दोन वाजता. सून झोपेतून उठून काही न बोलता खाली जाऊन पाहून आली आणि तितक्याच शांतपणे म्हणाली, "सहावी." तेव्हापासून मुलगा प्रत्येक घाण्यातली एक बाटली प्लॅस्टिकची भरतो. ती दाबून बघायची. दगडासारखी घट्ट झाली की बाकीच्या फ्रिजमध्ये.

निघताना त्याने मला जुनं यंत्र आणि १४४ झाकणांची पिशवी दिली. "आई, तू आल्याची कर. जिंजर बियर. नावालाच बियर." कस्टमवाल्याने यंत्र हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "सांडशी." खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

तर अशी मी बडोद्यात. यंत्र आहे, झाकणं आहेत, आलं आहे. बाटली नाही.

दारूबंदीचा आमचा कायदा मुळात मुंबईचा, १९४९ चा. १९६० साली राज्यं वेगळी झाली, तेव्हा दोघांच्याही वाट्याला आला. मुंबईने तो सैल करत करत नेला, आम्ही घट्ट धरून बसलो. मराठी माणसाची आठवण म्हणून असेल. आणि हे सगळं अशा गावात, जिथल्या सगळ्यात नावाजलेल्या जुन्या कारखान्याचं नाव अलेंबिक आहे. अलेंबिक म्हणजे अर्क उतरवायचं भांडं, ऊर्ध्वपातनाचं. १९०७ साली कंपनी निघाली ती टिंक्चर आणि अल्कोहोल करायला, आणि काढणाऱ्यांत गज्जर आणि अमीन यांच्या बरोबरीने आपले एक कोटीभास्करही होते. पुढे त्यांनी काचही केली. चहाच्या टपरीवरच्या ग्लासाच्या बुडाशी 'येरा' वाचलं असेल, तो इथलाच.

माझे सासरे काचेच्या कामात होते. कुठेही पाहुणे म्हणून गेले तरी ग्लास रिकामा झाल्यावर उलटा करून बूड वाचायचे. यजमानांना वाटायचं, सरबत कमी पडलं. त्यांनी मला सांगितलं होतं, की काच तपकिरी होते ती लोखंड, गंधक आणि कोळशाने. आणि बाटलीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक बारीक शिवण असते, ती साच्याच्या दोन भागांच्या जोडाची. ती शिवण मी अजून बोटाने शोधते. ते असते तर मला भंगारवाल्याशी असं कोड्यात बोलावं लागलं नसतं. ते सरळ जाऊन म्हणाले असते, "अंबर ग्लास, साडेसहाशे मिली," आणि कुणाच्या मनात काही आलं नसतं. पुरुषाने म्हटलं की ते तांत्रिक होतं.

मांडवीकडच्या सोडावाल्याकडेही जाऊन आले. त्याच्याकडे गोटीच्या बाटल्या. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची ही युक्ती, १८७०च्या दशकातली: आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर रबराला टेकून बसते, झाकणाचं काम नाही. मी विचारलं, चारपाच देतोस का. तो हसला. भरायला बाटली उलटी करून फिरवणारं यंत्र लागतं, म्हणाला. मग मला एक लिंबूसोडा पाजला आणि बाटली लगेच हातातून काढून घेतली.

बाटल्या शेवटी मिळाल्या त्या पार्टी प्लॉटवर. पुतणीच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता आणि तिच्या नवऱ्याने शून्य टक्केवालं माल्टचं पेय ठेवलं होतं. तपकिरी काच, ३३० मिली, लांब मान. पहिल्या टेबलावर ती दिसली तेव्हा मी उभ्या उभ्या ओठावरून बोट फिरवलं. सरळ! नंतर केकही धड खाल्ला नाही. पैठणी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन मी टेबलाटेबलांवरून हिंडत होते आणि भांडी उचलणाऱ्या मुलांना सांगत होते, "बेटा, ही टाकू नको." चौदा जमल्या. गाडीत बसताना पिशवी खणखणली. ड्रायव्हरने आरसा सारखा केला.

घरी नीट पाहिलं तर दोन वेगळ्याच कंपनीच्या निघाल्या, आट्यांच्या. राहिल्या बारा. सोड्यात भिजवल्या, तेल लावलं, ब्रश फिरवला, उजेडात धरून बुडाशी बुरशीचा टिपका नाही ना ते पाहिलं आणि गच्चीवर कपड्यांच्या दोरीखाली उलट्या लावून वाळत घातल्या. शेजारच्या बेन त्यांच्या गच्चीवर पापड घालत होत्या. त्यांनी पाहिलं. मी हसले. त्याही हसल्या. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता तरी आलं असतं.

आता आलं आंबवायचं, तर ह्यांनी मुलाला फोन लावला. बँकेत जन्म गेलेला माणूस, लेखी नाही तर निदान तोंडी खात्री हवी. मुलगा म्हणाला, "बाबा, यीस्ट आहे म्हणजे थोडं तरी अल्कोहोल होणारच." ह्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं बँकेत कुणी पोच न घेता रोकड ठेवून गेलं असावं. मी म्हटलं, ढोकळ्याचं पीठ रात्रभर आंबतं तेव्हा कुठे असतं तुमचं परमिट? पण माझंही मन होईना. शिवाय चैत्रातच पारा चाळिशीला टेकला होता. असल्या उन्हात यीस्ट काय करेल, याचा नेम नाही, आणि आमच्याकडे "सहावी" म्हणायला शांत सूनही नाही.

मग सरळ आल्या-लिंबाचा पाक केला. बियरची बाटली उकळता पाक सोसणारी नसते, गार बाटलीत ओतला तर तडकते. म्हणून कोमट पाण्यापासून सुरुवात करून बाटल्या हळूहळू तापवून घेतल्या, मग भरल्या. बारा झाकणं, बारा वेळा कट्. ह्यांनीही दोन दाबली, आणि तिसरी मागितली.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला डाळ झाली, आणि पन्ह्याऐवजी यंदा हा पाक, वर थंड सोडा, असं मी जाहीर केलं. बायका बसल्या. बाटल्या ताटात ओळीने मांडून आणल्या, तपकिरी, चकाकणाऱ्या, शिक्क्याच्या झाकणाच्या. खोलीत एकदम शांतता झाली. ती मी अपेक्षिली होती. अपेक्षिलं नव्हतं ते पुढचं: घरात ओपनर नव्हता. थंड पेयाच्या बाटल्या प्लॅस्टिकच्या झाल्यापासून तो कुठल्या खणात गेला, कोण जाणे. मी सुरीने पाहिलं, चमच्याने पाहिलं, खऱ्या सांडशीनेही पाहिलं. माझंच काम इतकं पक्कं, की एक दाता हलेना.

शेजारच्या बेन उठल्या, घरी गेल्या आणि दोन मिनिटांत परत आल्या. पदराआडून त्यांनी ओपनर काढला. भरीव पितळेचा, दांडा वापरून वापरून गुळगुळीत झालेला. त्यावर दमणच्या एका हॉटेलचं नाव होतं, निम्मं पुसलेलं. मी हात पुढे केला, पण त्यांनी तो मला दिला नाही. "लावो," म्हणाल्या, आणि बाराच्या बारा बाटल्या स्वतःच उघडल्या, मनगटाच्या एकेका झटक्यात.