आमची वाटचाल: परकीय भांडवलाच्या फायली

1 जून 2000 ला परकीय चलनाचा जुना कायदा फेरा जाऊन नवा कायदा फेमा लागू झाला आणि त्याच वर्षी पुण्यात आमचं ऑफिस सुरू झालं. भागीदार सीए, मी कंपनी सेक्रेटरी. परकीय भांडवल घेणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्सचं मूल्यांकन त्यांचं, रिझर्व्ह बँकेकडचं फायलिंग माझं. फेरातली तुरुंगाची भीती गेल्याने बरेच उद्योजक निर्धास्त झाले होते. नियम मोडला तर फेमाच्या कलम 13 खाली त्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगायचो.

आमचं खरं हत्यार लाल कापडी वही. पैसे जमा झाल्याची तारीख, बोर्डाचा ठराव, शेअरवाटप, एफसी-जीपीआर (परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याचं रिझर्व्ह बँकेला कळवायचा फॉर्म), त्याची पोच, सगळं एका ओळीत. पैसे आल्यापासून वाटपाला पूर्वी 180 दिवस मिळत, आता 60च. नाही जमलं तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत. वाटप झालं की 30 दिवसांत एफसी-जीपीआर. संगणक आले तरी वही बंद केली नाही.

भोसरीतले गिअरवाले दादा आमचे पहिल्या फळीतले ग्राहक. त्यांचा माल घेणाऱ्या जर्मन कंपनीनेच त्यांच्यात भांडवल घातलं. बँकेच्या शाखेने ती रक्कम सवयीने निर्यातीची आगाऊ रक्कम म्हणून नोंदवली, परदेशातून पैसे आल्याच्या बँकेच्या दाखल्यावर, म्हणजे एफआयआरसीवरही तसंच छापून आलं. मी वाटप थांबवलं, पैसे कशासाठी आले ते दाखवणारा पर्पज कोड बँकेकडून दुरुस्त करून घेतला, मगच ठराव केला. दादा म्हणाले, “साहेब, कागद तुम्ही बघा, लोखंड मी बघतो.” त्यानंतर त्यांनी दुसरा सल्लागार शोधला नाही.

बाकीचे मात्र गेले. 2016 मध्ये एफसी-जीपीआर सरकारच्या ई-बिझ पोर्टलवरूनच ऑनलाइन भरायचं ठरलं आणि आमच्याच भागातल्या एका सल्लागाराने प्रचार सुरू केला, आता सगळं ऑनलाइन आहे, जास्त फी कशाला? निम्म्या दरात तो कामं उचलू लागला. वर्षानुवर्षांचे ग्राहक फोनही न करता फायली मागवून घ्यायचे. ऑफिसचं भाडं थकलं, आम्ही दोघांनी स्वतःसाठी पैसे काढणं थांबवलं. आजही ते आठवलं की राग येतो.

मग 2018 च्या जून-जुलैत रिझर्व्ह बँकेने एंटिटी मास्टर नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायला लावला. कंपनीत आजवर आलेलं सगळं परकीय भांडवल एकत्र दाखवायचं, नाहीतर नवा पैसा घेता येणार नाही. गेलेले ग्राहक धावत आले. कुणाचे आकडे पोचपावत्यांशी जुळेनात, कुणी परदेशी भागीदाराचे शेअर विकत घेऊन त्या हस्तांतराचा फॉर्म, एफसी-टीआरएस, भरलाच नव्हता. आमच्या वहीत त्यांच्या जुन्या नोंदी तारखेनिशी होत्या. त्या रात्री-अपरात्री बसून आम्ही लावून दिल्या. त्यातल्या काहींनी तेव्हाही निम्म्या फीचीच गोष्ट काढली.

नव्या मंडळींना सांगतो, पैसे पाठवणारा आणि शेअर घेणारा एकच नसेल तर आधी बँकेशी बोला. मूल्यांकनाचा दाखला वाटपाच्या आधीचा हवा. जुनं परकीय भांडवल शिल्लक असेल तर वर्षभरात नवा पैसा आला नाही तरी 15 जुलैपर्यंत एफएलए, म्हणजे परकीय देणी-मालमत्तेचं वार्षिक विवरण रिझर्व्ह बँकेकडे भरावंच लागतं.

आता दादांचा मुलगा जर्मनीतल्या एका छोट्या कारखान्यात हिस्सा घेतोय. 2022 च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांनुसार यूआयएन, म्हणजे त्या परदेशी गुंतवणुकीचा रिझर्व्ह बँकेचा ओळख क्रमांक, मिळाल्याशिवाय पैसे बाहेर पाठवता येत नाहीत, आणि पुढे दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे त्या कारखान्याच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल. त्याला तारीख घाईची हवी आहे. यूआयएन हातात येईपर्यंत मी त्याला रक्कम पाठवू देणार नाही.