खोक्यात फक्त चार्जर

मी मोबाइल दुरुस्त करतो. आमच्या केंद्रात दाराजवळ जुने फोन जमा करायचं खोकं आहे. विकलेली वस्तू निकामी झाल्यावर तिची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकावर टाकणारा कायदा आला, त्यापाठोपाठ ते आलं. त्या दिवशी महिनाअखेर म्हणून ते उघडलं, तर आत चार्जर, तुटक्या वायरी, इयरफोन. फोन एकही नाही.

थोड्याच वेळात एक निवृत्त शिक्षिका काच बदलून घ्यायला आल्या. आधीचे फोन कुठे आहेत, असं सहज विचारलं.

"कपाटात. चार आहेत."

"मग इथे का नाही देत?"

"त्यात माझे फोटो आहेत, बँकेचे मेसेज आहेत. पुढे ते कोणाच्या हातात जातील, तुम्ही तरी सांगू शकाल का?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं मी लोकांना बेफिकीर समजत होतो, आणि या बाई तर उलट फार जपून वागत होत्या. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. ही कपाटं त्या हिशेबात कुठे बसतात, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

"तुमच्यासमोर पुसून देतो," म्हटलं. दुपारी त्या चारही फोन घेऊन आल्या.

दोन चालू निघाले. फोटो उतरवून घेतले, मग रीसेट. या फोनमधली माहिती कुलूपबंद साठवलेली असते आणि रीसेटमध्ये किल्लीच नष्ट होते, हे समजावलं. त्यातल्या एकाची बॅटरी बदलून तो त्यांनी परत वापरायला नेला. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, ती काढण्यातच अर्धा तास गेला. दुरुस्ती अशी अडू नये म्हणून कायदाच हवा. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या फोनचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं पुरवावे लागतात. आम्हाला कित्येकदा भागच मिळत नाही म्हणून चांगला फोन मोडीत काढावा लागतो, त्याचं फार वाईट वाटतं.

तिसऱ्याची बॅटरी फुगलेली होती. तो चार्जिंगला न लावता वेगळा ठेवला.

चौथा पूर्ण बंद. त्याचा बोर्ड बाहेर काढला, मेमरीची चिप त्यांना दाखवली आणि ड्रिलने आरपार भोक पाडलं. त्या वाकून बघत होत्या. मग बोर्ड उचलून त्यांनी स्वतःच खोक्यात टाकला.