पालिका बुडणार का हो?

मी मुंबई महापालिकेतून रिटायर झालोय हे कळलं की समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो. लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या गेटवर विचारतात, परवा तर सलूनमध्ये गळ्याशी वस्तरा धरून विचारलं. पहिला प्रश्न : "हजारो कोटींच्या ठेवी आहेत म्हणता, मग आमच्याकडे पाणी करंगळीएवढंच का येतं?" दुसरा त्याच्या अगदी उलट : "पालिका बुडणार म्हणतात, खरं का हो?" आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दोन्ही प्रश्न एकाच कटिंग चहात विचारतात.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बुडणार नाही. पण ती माझ्यासारखी झालीय. पेन्शनर.

माझी बहुतेक नोकरी जकातीत गेली. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द अशा नाक्यांवर मुंबईत शिरणारा माल थांबायचा, कागद दाखवायचा, पैसे भरायचा. नाक्यांबद्दल लोक काय बोलायचे ते मला ठाऊक आहे आणि त्याचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. ट्रकच्या रांगा हायवेवर यायच्या, ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपायचे. कर म्हणून जकात वाईटच. पण एक गोष्ट होती : आज नाक्यावर जमलेला पैसा उद्या पालिकेच्या तिजोरीत असायचा. त्यासाठी मंत्रालयात कुणाचं तोंड बघावं लागत नव्हतं. शेवटी शेवटी वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास जकात यायची, आणि त्यातला मोठा वाटा ट्रकांचा नव्हताच, तो माहुलच्या रिफायनऱ्यांत येणाऱ्या कच्च्या तेलाचा. हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही.

३० जून २०१७ च्या रात्री बारा वाजता जीएसटी आला आणि आम्ही पावत्या फाडणं बंद केलं. राज्याने कायदा करून ठेवला होता : जकात गेली त्याबदली पालिकेला दर महिन्याला नुकसानभरपाई, आणि त्यात दरवर्षी आठ टक्के वाढ. पहिला चेक ६४७ कोटींचा होता. समारंभ करून दिला होता. मी तो टीव्हीवर बघितला. सौ. म्हणाली, "चांगलंय की, रांगेत उभं न राहता पैसे मिळाले."

हिशेबाने बघितलं तर तिचं खरंच आहे. आठ टक्क्यांनी वाढणारी रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ही भरपाई १४,३९८ कोटी धरली होती. पालिकेचं महसुली उत्पन्न धरलं होतं ४३,१५९ कोटी. म्हणजे दर तीन रुपयांतला एक रुपया दुसऱ्याने पाठवलेला. आजवर तो येतोय. पण तो पाठवणाऱ्याचा खिसा बघा. केंद्राने राज्यांना जीएसटीची भरपाई पाच वर्षंच दिली, जून २०२२ मध्ये ती मुदत संपली. राज्याला आता स्वतःच्या जिवावर आमची भरपाई द्यायची आहे, आणि लाडक्या बहिणींचे महिन्याचे दीड हजारही द्यायचे आहेत. राज्य सरकारच्या निरनिराळ्या खात्यांकडे पालिकेचे हजारो कोटी येणे आहेत ते वेगळेच. घरातल्या कर्त्याकडून उसने पैसे परत मागायचे कसे, हा प्रश्न असतो ना, तसं.

जकात बंद झाल्यावर आम्हाला इकडे तिकडे वाटून टाकलं. माझ्या वाट्याला करनिर्धारण व संकलन आलं, म्हणजे मालमत्ता कर. हा पालिकेचा उरलेला हक्काचा कर. बिल कधी नीट वाचलंय का तुम्ही? सर्वसाधारण कर, जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. पाटीवरच्या बाराखडीसारखी यादी. २०१७ च्या निवडणुकीत वचन दिलं गेलं होतं : ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना कर माफ. २०१९ मध्ये माफ झाला तो फक्त पहिल्या ओळीतला, सर्वसाधारण कर. बाकीच्या ओळी तशाच. तेव्हा काउंटरवर कोण बसलं होतं? मी. "माफ म्हटलं होतं ना?" असं विचारत रोज माणसं यायची, आणि मी बिलावर बोट ठेवून एकेक ओळ समजावायचो. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सगळ्याच ओळी माफ झाल्या. सुमारे सोळा लाख कुटुंबांना. तोपर्यंत मी रिटायर होऊन घरी बसलो होतो. माझं घर ४३० चौरस फूट. जन्मभर लोकांकडून कर गोळा केला आणि आता स्वतः शून्य भरतो.

मला ही माफी पटली नाही. गिरणगावातल्या खोलीत राहणाऱ्या म्हातारीला माफ करा, कोण नाही म्हणेल? पण वरळीच्या टॉवरमध्ये गुंतवणूक म्हणून घेतलेलं ४९० फुटांचं कुलूपबंद घर आणि त्या म्हातारीची खोली एकाच फूटपट्टीने मोजायची, हे कुठलं शहाणपण? आणि एकदा माफ केलेला कर परत लावायची हिंमत कुठल्याही पक्षात नसते. २०२५-२६ मध्ये मालमत्ता करातून अपेक्षा होती ५,२०० कोटींची. त्याच वर्षी बिल्डरांकडून, म्हणजे जादा चटईक्षेत्राचं (जास्त बांधकामाच्या परवानगीचं) अधिमूल्य वगैरे धरून विकास नियोजन खात्याकडून, ९,७०० कोटींची. घरात राहणाऱ्यांपेक्षा घर बांधणाऱ्यांकडून जवळजवळ दुप्पट.

खरी काळजी मला या आकड्याची वाटते. २०२१ मध्ये सरकारने वर्षअखेरपर्यंत अधिमूल्यात पन्नास टक्के सवलत दिली तेव्हा बिल्डरांनी अशी झुंबड उडवली की पालिकेकडे पैशांचा पूर आला. सेलमध्ये उडते तशीच. बाजार थंडावला की हे उत्पन्नही थंडावतं. शिवाय एका प्लॉटवरचा एफएसआय, म्हणजे हेच चटईक्षेत्र, एकदाच विकता येतो. त्यावर उभ्या राहिलेल्या चाळीस मजल्यांना पाणी आणि गटार मात्र कायम द्यावं लागतं. मध्ये वरळीचा अस्फाल्ट प्लांटचा प्लॉट, क्रॉफर्ड मार्केटजवळचा, मलबार हिलवरचा असे भूखंड लिलावाने भाडेपट्ट्यावर द्यायचं निघालं होतं. घरातली भांडी मोडीत काढायला लागलं की शेजाऱ्यांना कळतंच.

आता ठेवी. २०२२ च्या सुमारास त्या ९० हजार कोटींच्या वर होत्या, पुढच्या तीनेक वर्षांत ८० हजारांच्या आसपास आल्या. पण त्यात मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या फंडाचा, पेन्शनचा, कंत्राटदारांच्या अनामतीचा. तो पालिकेचा नव्हेच. उरलेला सुटा पैसा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे, दहिसरपर्यंतचा सागरी रस्ता, सात सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, रस्त्यांचं काँक्रीट. हाती घेतलेल्या आणि ठरलेल्या कामांचा आकडा दोन लाख कोटींच्या वर जातो. सांडपाणी केंद्रं हवीतच, ती आधीच व्हायला हवी होती. पण सगळी बिलं एकाच दशकात येणार आहेत.

खर्च कमी करा, असंही लोक सांगतात. करू या. केईएम, नायर, सायनमध्ये दहा रुपयांच्या केसपेपरवर सोलापूरचाही माणूस येतो आणि गोरखपूरचाही. त्याला परत पाठवायचं? बेस्टचं किमान भाडं २०१९ मध्ये आठाचं पाच केलं, तोटा पालिकेने भरला, मे २०२५ मध्ये ते दहा झालं. मधल्या काळात बसच कमी झाल्या. स्टॉपवर अर्धा तास उभं राहणाऱ्याने तो खर्च भरला, फक्त पालिकेच्या वहीत तो दिसत नाही.

७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी १८ कामांची यादी दिली. करांची यादी दिली नाही. कुठला कर पालिकेने घ्यायचा ते राज्याने ठरवायचं. राज्यात २९ महापालिका आहेत, बाकीच्यांची जकात आणि मग तिच्या जागी आलेली एलबीटी (स्थानिक संस्था कर) बहुतांशी मुंबईच्या आधीच गेली, आणि त्यांच्याकडे ना आमच्यासारखे बिल्डर, ना ठेवी. आमचं हे दुखणं म्हणजे श्रीमंताचं दुखणं. भर म्हणून मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं इथे नगरसेवकच नव्हते. प्रशासक अर्थसंकल्प मांडायचे आणि तेच मंजूर करायचे. नगरसेवक काय दिवे लावायचे ते मी जवळून पाहिलंय, तरी स्थायी समितीत कुणीतरी उठून "हे पैसे कुठून आले?" एवढं तरी विचारायचा.

हे सगळं मी सेक्रेटरींना सांगितलं. २०२५ मध्ये पालिकेने कचऱ्यासाठी शुल्क लावायचा मसुदा काढला होता, आमच्याएवढ्या घराला महिन्याला शंभर रुपये. ओरडा झाला आणि तो बाजूला पडला. मी म्हटलं, "मी दिले असते. मालमत्ता करही अर्धा भरीन. मग वॉर्ड ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटून हिशेब मागीन."

सेक्रेटरींनी मान डोलावली. गेल्याच महिन्यात त्यांनी लिफ्टच्या देखभालीसाठी मेन्टेनन्स तीनशे रुपयांनी वाढवला होता, कुणी चकार शब्द काढला नव्हता. कटिंग संपवून ते म्हणाले, "पण शंभर रुपये कशाला द्यायचे हो? एवढ्या ठेवी आहेत ना त्यांच्याकडे?"